गल्लीची बातमी: सूचना लावण्यापासून उतरवण्यापर्यंत

"उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा." एका सोमवारी आमच्या गल्लीत हा निरोप फोनवर आला. जलवाहिनीची दुरुस्ती मंगळवारी व्हायची होती. ती झाली आणि संध्याकाळी पाणीही आलं. निरोप मात्र थांबला नाही. मंगळवारी तो दुसऱ्या समूहात गेला, बुधवारी तिसऱ्या. दर वेळी त्यातला 'उद्या' नवा होत गेला. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी सलग तीन दिवस बादल्या, पातेली, कपडे भिजवायचा टबसुद्धा भरून ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी सांडलेल्या पाण्यावर त्यांचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण मनगटाची सूज उतरायला महिना गेला. निरोप लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, माहितीही खरी होती. फक्त तारीख नव्हती.

त्यानंतर आमच्या भागाचा सूचनाफलक आणि फोनवरचा समूह मी सांभाळायला घेतला. या कामात मी जे शिकले ते एका वाक्यात मावतं: सूचनेवर तारीख हवी, सांगणाऱ्याचं नाव हवं आणि ती कधी उतरवायची तेही लिहिलेलं हवं. हे तिन्ही सांभाळायचं कसं, ते पुढे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: हद्द आखा, पण नकाशावरून नको

आपण 'आमचा भाग' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर चार रस्ते आणि मधली घरं असतात. बातमीची हद्द तशी नसते. पाण्याची हद्द व्हॉल्व्ह ठरवतो, विजेची रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ठरवतं, कचऱ्याची गाडीचा मार्ग ठरवतो. या तिन्ही रेषा एकमेकींवर क्वचितच बसतात. एकाच रस्त्याच्या समोरासमोरच्या दोन इमारती वेगवेगळ्या रोहित्रांवर असू शकतात. म्हणून 'आपल्या भागात वीज जाणार' असं लिहिलं की निम्म्या लोकांच्या बाबतीत ते खोटं ठरतं, आणि तेच निम्मे लोक पुढची सूचना वाचत नाहीत.

यावर उपाय म्हणजे एक वही. एका पानावर सगळ्या इमारती आणि घरं उभी लिहा, शेजारी तीन रकाने पाडा: पाणी, वीज, कचरा. पाण्याचा रकाना भरायचा तर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोला. कोणता व्हॉल्व्ह फिरवला की कुठे पाणी पोहोचतं हे त्याला तोंडपाठ असतं. विजेचं पान मी गच्चीवरून भरलं. रात्री दिवे गेले की वर जायचं आणि कोणत्या खिडक्या एकदम काळ्या झाल्या ते टिपायचं. तीन-चार वेळा असं केलं की रोहित्राची हद्द आपोआप कागदावर उतरते. पुढे सूचना लिहिताना 'पहिली ते चौथी गल्ली, फक्त पूर्वेकडची बाजू' असं नेमकं लिहिता येतं.

दुसरी पायरी: बातमीची माणसं जोडा

बातमी कार्यालयातून येते तशी माणसांकडूनही येते, आणि माणसांकडून लवकर येते. पालिकेच्या विभाग कार्यालयातलं कोणी, वीज कंपनीचा लाइनमन, शाळेचा शिपाई, वाचनालयातल्या बाई, टपाल वाटणारे काका. या सगळ्यांना आपण कोण, आपला फलक कुठे आहे आणि आपल्याला काय हवंय हे एकदा प्रत्यक्ष भेटून सांगा. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं. रस्ता खोदायला आलेल्या मजुरांनाही विचारा, 'किती दिवस चालेल?' त्यांचा अंदाज कंत्राटाच्या फलकावरच्या तारखेपेक्षा बरेचदा खरा निघतो. छापायच्या आधी मात्र मुकादमाकडून खात्री करा.

तिसरी पायरी: खातरजमा

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवेचं एक सूत्र मांडलं. अफवेचा जोर हा विषयाचं महत्त्व आणि माहितीतली संदिग्धता यांच्या गुणाकारासारखा असतो. हा गुणाकार आहे, बेरीज नाही, हे माझ्या फार उपयोगी पडलं. दोन्हींपैकी एक शून्य झालं की अफवा उरतच नाही. पाणी, वीज, चोरी, आजार यांचं महत्त्व आपल्याला कमी करता येत नाही. आपल्या हातात आहे ती संदिग्धता.

म्हणून कोणताही निरोप आला की मी तीन प्रश्न विचारते. हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं? मूळ पत्र आहे का? पत्राचा फोटो असेल तर कडेची दिनांकाची आणि जावक क्रमांकाची ओळ बघा. फोटो कापताना नेमका तोच भाग गळलेला असतो. जुनंच पत्र वर्षानंतर पुन्हा फिरतं ते असं. तारीख दिसत नसेल तर पाठवणाऱ्याकडे पूर्ण फोटो मागा. मिळाला नाही तर कार्यालयात फोन करा आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं पद आणि फोनची वेळ वहीत लिहा.

व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला तर तो निरोप मूळ माणसापासून निदान पाच हातांतून पुढे आलेला असतो. अशा निरोपाचा लिहिणारा तुम्हाला सापडणार नाही, तेव्हा त्याच्यामागे लागू नका. त्यातला दावा घ्या आणि संबंधित कार्यालयालाच विचारा. २०१९ पासून व्हॉट्सॲपवर एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि २०२० पासून दुहेरी बाणाचा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी. अफवा त्याने मंदावते, पण गल्ली लहान असते आणि तिथे एक समूह पुरतो.

खात्री व्हायला वेळ लागणार असेल तर गप्प बसू नका. 'पाणीकपातीबद्दल निरोप फिरतोय. कार्यालयाकडे विचारणा केली आहे. संध्याकाळी ६ वाजता इथेच कळवते.' एवढं लिहिलं तरी लोक थांबतात. आणि ६ वाजता काहीच कळलं नसेल, तर 'अजून कळलेलं नाही, उद्या सकाळी १० वाजता पुन्हा विचारते' हेही ६ वाजताच लिहायचं. दिलेली वेळ पाळली की लोक पुढच्या वेळी वाट बघतात.

चौथी पायरी: लिहिणं

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेक सूचना इथेच फसतात.

नेहमी दिसणारा नमुना हा: 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणास्तव परवा आपल्या परिसरातील वीजपुरवठा काही काळ खंडित राहील, तरी सर्वांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती.' वाचून काय कळलं? 'परवा' हा तर मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द आहे. तो मागचाही असतो आणि पुढचाही. 'काही काळ' म्हणजे वीस मिनिटं की सहा तास? 'परिसर' कोणता? आणि सहकार्य म्हणजे नेमकं करायचं काय?

तीच सूचना आता अशी लिहून बघा:

गुरुवार, १२ मार्च २०२६: सकाळी १० ते दुपारी २ वीज नाही
कुठे: पहिली ते चौथी गल्ली, फक्त पूर्वेकडची बाजू.
का: रोहित्राची दुरुस्ती.
काय करायचं: पंप सकाळी ९ च्या आत चालवून टाकी भरून घ्या. पावणेदहानंतर लिफ्ट वापरू नका. घरात ऑक्सिजनचं किंवा दुसरं वैद्यकीय यंत्र असेल तर आजच खालच्या क्रमांकावर कळवा.
कोणी सांगितलं: वीज कंपनीचं विभागीय कार्यालय, ९ मार्च, दुपारी ३ वाजता फोनवर.
सूचना लावणार: (नाव, फोन). उतरवणार: १३ मार्च.

घाईत असलेल्या माणसाने पहिली ओळ वाचली तरी त्याचं काम भागतं. कारण खाली गेलं, कारण ते कळलं नाही म्हणून कोणाचं अडत नाही. 'नम्र विनंती' गेली आणि त्या जागी पंप आणि लिफ्ट आले. माझ्या मते सूचनेतला आदर म्हणजे वाचणाऱ्याच्या दिवसाचा विचार. 'काय करायचं' ही ओळ लिहिताना गल्लीतली चार खरी माणसं डोळ्यांसमोर आणा: चौथ्या मजल्यावर राहणारे, गुडघे दुखणारे काका, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी मुलगी, तान्हं बाळ असलेलं घर, आणि यंत्रावर श्वास घेणारा पेशंट. प्रत्येकाला या बातमीने काय होणार? उत्तरं आपोआप ओळी बनतात.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. दोन्ही जुळत नसतील तर चूक लगेच कोणाच्या तरी लक्षात येते आणि सूचना स्वतःच आपली राखण करते. 'रात्री १२ वाजता' कधीही लिहू नका. 'गुरुवारी रात्री १२' म्हणजे बुधवारी झोपल्यावर की गुरुवारी झोपल्यावर, यावर दोन शेजारी दोन उत्तरं देतात. 'गुरुवारी रात्री ११:५५ पासून शुक्रवारी पहाटे ५ पर्यंत' लिहिलं की वाद मिटतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ हे शब्द आकड्याला चिकटूनच ठेवा. एकदा लहान मुलांच्या लसीकरणाच्या सूचनेत मी नुसतं '१० ते १' लिहिलं आणि '१' चा कागदावर '४' वाचला गेला. दोन आया बाळांना घेऊन दुपारी तीनला बंद दारापाशी उभ्या राहिल्या. अक्षर माझं होतं. तेव्हापासून वेळ अंकात लिहून शेजारी अक्षरातही लिहिते: '१ (एक) वाजेपर्यंत'.

पुरवठा परत सुरू झाल्यावरची सूचना बहुतेक कोणी लिहीतच नाही. ती लिहाच. जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतरचं पहिलं पाणी गढूळ असू शकतं. ते आधी वाहू द्या, फरशी पुसायला किंवा झाडांना वापरा, पिण्यासाठी भरू नका. कधी पाणी दुधासारखं पांढरं येतं आणि लोक घाबरतात. असं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन दोन-तीन मिनिटं ठेवायचं. तळापासून वर निवळत गेलं तर ती नळात अडकलेली हवा असते, तिने काही बिघडत नाही. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो. अशी एखादी कामाची ओळ तळाशी असली की लोक सूचना फोनमध्ये जपून ठेवतात.

पाचवी पायरी: फलक

रोममध्ये इ. स. पू. ५९ मध्ये, ज्यूलियस सीझर कॉन्सल (तिथला सर्वोच्च पदाधिकारी) असताना, सभागृहातलं कामकाज लोकांसाठी रोज प्रसिद्ध करायची पद्धत सुरू झाली. त्या पत्रकाचं नाव 'आक्ता दियुर्ना'. त्यातल्या 'दियुर्ना'चा अर्थच 'रोजचं'. म्हणजे तारखेचं महत्त्व दोन हजार वर्षांपूर्वीही ओळखलं होतं.

फलक अशा जागी लावा जिथे माणूस नाहीतरी थांबतो: लिफ्टच्या दारापाशी, जिन्याच्या वळणावर, बसथांब्याच्या आडोशाला. फाटकावर लोक थांबत नाहीत, चावी शोधत आत जातात. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटरवर आला तर उभ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता येतो.

अक्षराचा हिशोब सोपा आहे. तीन मीटरवरून सहज दिसायचं असेल तर मथळ्याचं अक्षर सुमारे अडीच सेंटिमीटर उंच हवं. संगणकावर अक्षराचं माप पॉइंटमध्ये असतं. एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर, म्हणजे ७० पॉइंटच्या आसपास. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांना जागा लागते, त्यामुळे त्याच पॉइंटात आपलं अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. दोन पायऱ्या मोठंच घ्या आणि ओळींमध्ये मोकळं सोडा. नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात अडकते. ए-४ कागदावर हा मथळा दोन ओळींत बसतो. नाही बसला तर मथळा लांब झालाय असं समजा.

महत्त्वाचं ते लाल अक्षरात लिहायची आपल्याला सवय असते. पण साध्या शाईचा लाल रंग उन्हात काळ्याच्या आधी उडतो, आणि आठ दिवसांनी नेमकी महत्त्वाचीच ओळ पुसट होते. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं कुठेही असतात. काळं अक्षर, पांढरा कागद, आणि ठळकपणासाठी जाडी वापरा. इंकजेटची छपाई पावसाचे चार थेंब पडले तरी ओघळते, लेझरची टिकते. चारही कोपऱ्यांना टाचण्या लावा. दोनच लावल्या तर खालची बाजू वळते आणि फोन नंबर आत जातो.

सहावी पायरी: फोनवरचा समूह

एक समूह फक्त सूचनांचा ठेवा, जिथे दोन-तीन जबाबदार माणसंच लिहू शकतील. सेटिंगमध्ये तशी सोय आहे. गप्पांसाठी, शुभेच्छांसाठी, वादासाठी दुसरा समूह काढा. हे वेगळं केलं नाही तर पाण्याची सूचना शंभर सुप्रभातांखाली गाडली जाते आणि लोक समूहाचा आवाज बंद करतात. आवाज बंद झालेल्या समूहाला सूचनेचा समूह म्हणण्यात अर्थ नाही.

निरोप मजकुरात पाठवा, नुसता फोटो नको. मजकूर शोधता येतो, मोठा करता येतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोन तो वाचून दाखवतो. पाठवल्यावर १५ मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो. त्यानंतर नवा निरोपच लागतो. 'सर्वांसाठी हटवा' हे सुमारे दोन दिवस चालतं, पण तोवर निरोप जिथे जिथे पुढे गेला तिथून तो हटत नाही. म्हणून पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचते.

फोन नसलेल्यांसाठी आम्ही 'दोन दारं' ठरवली. समूहातल्या काही जणांनी प्रत्येकी दोन घरं वाटून घेतली, तातडीची सूचना आली की त्या दोन दारांवर थाप मारून सांगायचं. पाय घसरलेल्या त्या आजींचं दार माझ्या वाट्याला आहे. त्या मला आत बोलावून तारीख स्वतः कॅलेंडरवर लिहून घेतात.

सातवी पायरी: काय लिहायचं नाही

सापडलेल्या वस्तूची सूचना हे याचं उत्तम उदाहरण. एकांनी चांगल्या मनाने लिहिलं होतं: 'काळं पाकीट सापडलं, आत अमुक रक्कम, दोन कार्डं आणि लहान मुलीचा फोटो.' संध्याकाळपर्यंत दोघं जण मालकी सांगायला आले आणि दोघांनीही हुबेहूब तेच वर्णन केलं. सगळं सांगून टाकल्यावर ओळख पटवायला काय उरणार? 'पाकीट सापडलं, मंगळवारी, वाचनालयापाशी. रंग आणि आतल्या वस्तू सांगून घेऊन जा' एवढंच लिहायचं. हरवलेल्या प्राण्याच्या सूचनेत ताजा फोटो, शेवटचं दिसलेलं ठिकाण आणि वेळ द्या, पण एखादी खूण, पोटावरचा डाग किंवा कानाची खाच, स्वतःकडे राखून ठेवा. फोन करून पैसे मागणाऱ्याला ती विचारली की खरं-खोटं लगेच कळतं.

घर किती दिवस बंद राहणार, कोण एकटं राहतं, कोणाला कोणता आजार आहे हे कधीच लिहू नका. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. कॅमेऱ्यात दिसलेल्या माणसाला 'चोर' म्हणून फलकावर चढवू नका. ते चित्रण पोलिसांना द्या आणि फलकावर 'सायकली कुलूपबंद ठेवा, मंगळवारी पहाटे एक सायकल गेली' एवढंच लिहा. निधनाची बातमी घरच्यांनी सांगितल्यावर आणि त्यांच्याच शब्दांत. इथे पहिलं असण्याला काही किंमत नाही. परगावच्या लेकीला वडील गेल्याचं समूहातून कळावं, असं कोणाच्याही बाबतीत होऊ नये.

आठवी पायरी: चूक आणि तिची दुरुस्ती

चूक कळली की दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावा. जुना कागद गुपचूप बदलला तर ज्यांनी आधी वाचला त्यांना काहीच कळत नाही. वर 'दुरुस्ती' लिहा, मग बरोबर माहिती, आणि शेवटी आधी काय चुकलं होतं ते. चुकीची वेळ वर ठेवली तर घाईत तीच पुन्हा वाचली जाते. लसीकरणाच्या वेळी मी त्या दोन्ही आयांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यातली एक आज फलकाची माझी जोडीदार आहे. मी नसताना किल्ली तिच्याकडे असते, आणि प्रत्येक सूचना आधी तिच्या नजरेखालून जाते.

शेवटची पायरी: उतरवणं

दर रविवारी सकाळी फलक रिकामा करायला उभी राहते. ज्याची तारीख गेली ते खाली येतं, कितीही सुंदर छापलेलं असलं तरी. 'उतरवणार' ही ओळ असल्यामुळे कोणाला विचारावं लागत नाही. फलकावर चार ताजे कागद असले तर चारही वाचले जातात. वीस असले तर नवा कोणता हे शोधायला कोणी थांबत नाही.

उतरवलेला कागद फेकू नका. भोक पाडून फायलीत लावा, मागे लिहा: प्रत्यक्षात काय झालं. पाणी सांगितलेल्या वेळी आलं का, वीज दोनला आली की पाचला. आमच्या फायलीत एका वर्षात एकाच वळणावर जलवाहिनी चार वेळा दुरुस्त झाल्याचे कागद निघाले, तारखांसकट. आम्ही चारही कागदांच्या प्रती अर्जाला जोडून कार्यालयात दिल्या. आधीच्या तोंडी तक्रारींना 'बघतो' एवढंच उत्तर मिळायचं. या वेळी अभियंता स्वतः आले, प्रती हातात घेऊन त्या वळणापाशी उभे राहिले आणि तिथला जुना तुकडा पूर्ण बदलायचं ठरलं. कामाची तारीख त्यांनी तिथेच सांगितली. मी ती वारासकट लिहून घेतली आणि संध्याकाळी फलकावर लावली, खाली उतरवण्याचा दिवस घालून.